समोरचं

गिरणीमावशींना माणसं ओळखू यायची नाहीत, त्या डबे ओळखायच्या. रस्त्यात कुणी थांबवून विचारपूस केली की त्या कसनुसं हसून वेळ मारून न्यायच्या. मग त्या बाईनं, "अहो मावशी, तो पोचा आलेला निळा डबा आमचा," असं म्हटलं की लगेच चेहरा खुलायचा. "असं होय! तुम्हाला जाडसर लागतं. सासूबाईंची दाढ काढली का शेवटी?" डब्याला चिकटून अख्खा घरसंसार त्यांच्या ध्यानात असायचा, फक्त तोंड तेवढं नसायचं.

गिरणी जुन्या बाजाराच्या रस्त्यावर, बरोबर मध्यावर. आत एक मोटार, एक पट्टा, दगडांची जोडी, आणि जिथं म्हणून हात लावाल तिथं पीठ. भिंतीवर पीठ, दिव्याच्या वायरीवर पीठ, मावशींच्या भुवयांवर पीठ. नवरा अचानक गेला तेव्हा त्यांना गिरणीतलं फक्त झाडू मारणं येत होतं. लेक तेव्हा शाळेत. दिरानं येऊन सांगितलं की आता हे विकून टाकू, बाईमाणसाचं काम नव्हे. नातलग माना डोलवत होते. तेव्हा शेजारचे फोटोवाले दादा दारात येऊन उभे राहिले आणि आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "विकायची कशाला? वहिनी चालवतील की." एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी तेवढं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि वहिनींनी चालवली. फिरता पट्टा बोटं शाबूत ठेवून कसा चढवायचा ते शिकल्या. दगड गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडी घेऊन मांडी घालून बसायच्या आणि त्याला टाकी लावायच्या. पिठाची धार चिमटीत धरून, डोळे मिटून सांगायच्या, अजून एक फेरा हवा. मोटारीच्या आवाजात आयुष्य गेल्यानं बोलणं मात्र कायमचं वरच्या पट्टीत गेलं. त्या साधं 'या, बसा' म्हणाल्या तरी नवख्याला वाटायचं, भांडण झालं.

फोटोवाले दादा नेमके उलटे. त्यांच्या स्टुडिओत तळ्याचं चित्र काढलेला पडदा, एक आरसा आणि दोरीला बांधलेला कंगवा. गिऱ्हाइकाला 'हनुवटी खाली, अजून जरा, बास' असं इतक्या हळू सांगायचे की रडकी पोरंही गप्प व्हायची. मावशींच्या नवऱ्याचे ते जिवलग दोस्त, म्हणून सगळा रस्ता 'मावशी' म्हणे पण दादा 'वहिनी' म्हणत. गिरणी विकू दिली नाही म्हणून दिरानं बोलणं टाकलं होतं. सासरकडचं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं, आणि तेही रक्ताचं नव्हतं. दुपारी मिरची दळायला काढली की दादा शिंकून शिंकून बेजार व्हायचे आणि भिंतीपलीकडून ओरडायचे, "वहिनी, गिऱ्हाइकाचा फोटो हलला!" मावशी खो खो हसायच्या. असं चालत आलेलं होतं.

गिरणीचा एक रिवाज होता. डबा रांगेत लावला की माणूस मोकळा. डबा म्हणजेच तो माणूस, त्याचा नंबर कुणी मोडायचा नाही, मग तो नगराध्यक्षाचा असो की भांडीवालीचा. दादांचा डबासुद्धा कधी पुढे सरकला नाही, आणि दादांनीही तसं कधी सुचवलं नाही. डबा लावून बायाबाप्ये बाजारात हिंडायचे. औषधं घ्यायचे, बटणं जुळवून आणायचे, पोराचा शाळेसाठी फोटो काढून घ्यायचे, आणि फिरून आले की पीठ तयार असायचं, हाताला गरम लागणारं.

पुढे गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला काचेची दुकानं झाली आणि जुन्या बाजाराला उतरती कळा लागली. आधी घड्याळवाला गेला, मग चपलांचं दुकान, मग गिरणीच्या अगदी समोर असलेलं कापडाचं जुनं नावाजलेलं दुकान. खाली ओढलेली शटरं वाढत गेली. कापड दुकानाच्या जागी मग एक माणूस आला. तो घरातही काळा चष्मा काढत नसे म्हणून लोकांनी त्याचं नाव गॉगल ठेवलं. गॉगलनं तिथं बार उघडला.

बार उघडला त्याचा त्रास खोटा नव्हता. सकाळी मावशी शटर वर करायला येत तेव्हा आधी बादलीभर पाणी ओतून भिंत धुवावी लागे, कारण रात्री पिऊन बाहेर पडलेल्यांना नेमकी तीच भिंत सोयीची वाटायची. फुटक्या बाटल्यांच्या काचा धान्यात जातील या धास्तीनं त्या उंबऱ्यापुढचा रस्ता दोनदा झाडायच्या. संध्याकाळ झाली की गाणी लागत, आणि दारात चार टगे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या पोरींवरून शेरे मारत. औषधवाल्यांच्या मुलीनं त्या बाजूनं जाणंच सोडलं. बायका अंधार पडायच्या आत डबे उचलायला धावू लागल्या.

पण गंमत अशी की 'बार' हा शब्द रस्त्यावर कुणी उच्चारत नसे. चांगल्या घरच्यांनी तो तोंडात कशाला घ्यायचा? शिवाय गॉगलच्या कानावर गेला तर नसती पंचाईत. म्हणून सगळे म्हणायचे 'समोरचं'. 'समोरच्यांनी काल डोकं उठवलं.' 'समोरचं बंद झाल्याशिवाय या बाजाराला बरे दिवस नाहीत.' शाळकरी पोरंही तसंच बोलू लागली. उघडी उरलेली सगळी दुकानं गिरणीच्या बाजूलाच होती, औषधवाले, फोटोवाले, बटणवाली, शिंपी. त्यामुळे समोरचं म्हणजे कुठलं, हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नाही. सभ्यपणा पाळण्याचीही एक हद्द असावी, पण ती यांना सांगणार कोण?

अशात नगरपालिकेनं ठरवलं की जुना बाजार पुन्हा उभा करायचा. नवी फरशी, शोभेचे दिवे, बसायला बाकं, कुंड्या. त्यासाठी एक नव्या बाई नेमल्या, बदलून आलेल्या, तरुण, हातात सतत फोन. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मॅडमनी जाहीर केलं की रस्त्यावर येऊन दुकानदारांचं म्हणणं ऐकणार. ज्या धंद्याचा लोकांना उपद्रव होतो तो धंदा इथून हलवणार. मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी हातातलं अर्धं पीठ भलत्याच डब्यात ओतलं. "गेलंच म्हणायचं आता समोरचं!" त्या ओरडल्या. ते समोर ऐकू गेलं असणार, पण त्या दिवशी त्यांना पर्वा नव्हती.

आदल्या दिवशी दादा गिरणीत आले. "वहिनी, एक सांगू? उद्या तुम्ही बोलू नका. तुमचा आवाज चढतो, मॅडमना वाटेल भांडायला आलात. मी सगळ्यांच्या वतीनं नीट मांडतो."

"अहो पण भिंत तर माझीच खराब होते ना?"

"मी सांगतो ना भिंतीचं. विश्वास आहे की नाही?"

"तुमच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवू?" मावशी म्हणाल्या, आणि विषय संपला.

सुनावणीच्या दिवशी ऊन रणरणत होतं. गिरणीच्या बाजूला सावली नव्हती. सावली होती ती बारच्या बाजूला. गॉगलनं नवा कापडी मांडव टाकला होता आणि 'बसा की, आपलंच समजा' म्हणत खुर्च्याही बाहेर काढून दिल्या होत्या. मॅडम तिथंच बसल्या. त्यांच्या मागोमाग हळूहळू सगळा बाजार रस्ता ओलांडून आला आणि गॉगलच्या खुर्च्यांवर, गॉगलच्या दाराला पाठ करून बसला. गॉगलनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना थंड पेयं वाटली. मावशी मागे उभ्या राहिल्या. रांगेत डबे होते म्हणून त्यांनी गिरणी चालूच ठेवली होती, बटणवालीला लक्ष द्यायला सांगून त्या आल्या होत्या.

दादांनी फार छान मांडलं. औषधवाल्यांनी दुजोरा दिला. आवाजानं मुलांचा अभ्यास होत नाही. घाण होते. दाराशी माणसांचा घोळका असतो, रस्ता अडतो, बायकांना जाता येत नाही. पण ज्याचं पेय हातात आहे त्याच्याबद्दल वाईट बोलायचं म्हणजे जीभ अडखळते. दारू, बाटल्या, पिऊन पडलेले लोक, यातला एकही शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. भिंतीचं राहूनच गेलं. जो तो फक्त म्हणत होता, समोरच्यांचा त्रास, समोरच्यांचा त्रास.

मॅडमनी मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथं गिरणी धडधडत होती, दारातून पिठाचा धुरळा बाहेर येत होता, डब्यांची रांग नव्या फरशीसाठी आखलेल्या पट्ट्यावर आली होती आणि भोवती बायकांचा घोळका होता.

"हे समोरचं ना?" मॅडमनी हनुवटीनं दाखवत विचारलं.

"हो, समोरचंच," दादा म्हणाले.

मावशींना मागून फक्त दादांची मान हललेली दिसली. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पीठ जळायच्या आत धावत गिरणीत गेल्या.

नगरपालिकेचा हुकूम आला तेव्हा रस्त्यावर आधी हशाच पिकला. उपद्रवी धंदा म्हणून गिरणी बंद करायची! औषधवाल्यांनी कपाळाला हात लावला, शिंपी हसता हसता खोकू लागला. मावशीही हसल्या. चूक कशी झाली ते सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं आणि सगळे एकमेकांना टाळ्या देऊ लागले. "अहो, आपण बसलो होतो कुठं!" हसले नाहीत ते फक्त दादा. पण त्यांना हसायची सवयच कमी, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. "वहिनी, काळजी नको," ते म्हणाले, "मी उद्या जातो आणि मॅडमना सांगून येतो. एका शब्दाचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी मॅडम जागेवर नव्हत्या. मग त्या बैठकीत होत्या. मग दादांच्या सायकलचं काहीतरी झालं. मावशी स्वतः जायला निघाल्या तर दादा म्हणाले, "तुम्ही कशाला? तुम्ही गेलात तर वाटेल स्वतःची गिरणी वाचवायला आलात. त्रयस्थ माणसानं सांगितलेलं बरं." हे मावशींना पटलं. वाईट याचंच वाटतं की पटलं. ज्यानं एकदा दारात उभं राहून आपल्याला तारलं, तो दुसऱ्यांदाही तारेल, असा हिशेब मनात धरून त्या निवांत दळत बसल्या. लेकीचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "दादा बघताहेत ना, मग झालं."

माणसं आली ती सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी. वीजवाला, दोन शिपाई आणि मॅडम. मावशींनी मोटार बंद केली नाही. हात कमरेवर ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "मॅडम, चूक झालीय तुमची. बार बंद करायचाय, बार!" त्या रस्त्यावर तो शब्द पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं निघाला. औषधवाल्यांनी दचकून समोर पाहिलं. गॉगल मांडवाखाली उभा होता, चष्मा लावून, हाताची घडी घालून. बघणाऱ्यांत शिंपी होता, बटणवाली होती, डबेवाल्या बायका होत्या. हळूहळू त्या सगळ्यांचं लक्ष आपापल्या चपलांकडे गेलं.

"मला तसं कुणी सांगितलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, गोंधळल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दादांना ओळखलं. "तुम्हीच बोलला होतात ना त्या दिवशी? मग आता स्पष्ट सांगा. तक्रार कुणाची होती? गिरणीची, का बारची?"

मावशींच्या जिवात जीव आला. त्यांनी मोठ्या आशेनं दादांकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं.

दादांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला. मग मॅडमकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "या बाईंची गिरणी तशी फार जुनी आहे... पण आवाज म्हणाल, तर तो होतोच. धूळही आहे. आपण काही कुणाच्या पोटावर पाय द्यायला निघालेलो नाही, पण रस्ता सुधारायचा तर थोडं सोसावं लागणार."

बाकीचं मावशींना नीट ऐकू आलं नाही. 'या बाईंची' हे ऐकू आलं. लग्न होऊन आल्या दिवसापासून ज्या तोंडून वहिनीशिवाय दुसरं काही निघालं नव्हतं, त्या तोंडून परक्या बाईला म्हणावं तसं, बाई. हुकमाचं त्यांना तितकं काही वाटलं नाही. हुकूम आंधळाच असतो. पण या माणसानं हे विचार करून, चष्मा पुसून म्हटलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापताना आवाजसुद्धा चढला नाही.

त्या भांडल्या नाहीत. आयुष्यभर ज्यांचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा, त्या दारातून बाजूला झाल्या. वीज तोडली. पट्टा सुटा सुटा फिरत राहिला आणि थांबला. रांगेतले डबे न दळताच जो तो आपला उचलून घेऊन गेला, मावशींच्या नजरेला नजर न देता. मावशींनी मात्र प्रत्येक डबा ओळखला.

कारण कळायला फार दिवस लागले नाहीत. गॉगलनं बारच्या वरच्या मजल्यावर समारंभासाठी हॉल काढला, पाटीवर 'फॅमिली' असं लिहिलं, रस्त्यावरच्या चार बाकांचा आणि सगळ्या दिव्यांचा खर्च उचलला. आता तो उपद्रव राहिला नव्हता, आश्रयदाता झाला होता. लेकीकडे निघण्यासाठी मावशी गिरणीतलं सामान बांधत होत्या तेव्हा त्यांना खिडकीतून दादा दिसले. तीन पायांचा स्टँड खांद्यावर टाकून, कॅमेऱ्याची पेटी छातीशी धरून ते रस्ता ओलांडत होते, बारच्या जिन्याकडे. हॉलमधल्या सगळ्या समारंभांचे फोटो त्यांच्याकडे होते. ज्याच्या त्याच्या हाती कॅमेऱ्याचा फोन आल्यापासून त्यांच्या स्टुडिओत कुणी फिरकत नव्हतं, हे मावशींना ठाऊक होतं. म्हणाले असते तर त्या समजूनही घेऊ शकल्या असत्या. म्हणाले असते तर.

लेकीनं त्यांना बाहेरच्या वस्तीत आपल्या घरी नेलं. जावई भला माणूस होता; त्यानं व्हरांड्यात घरगुती छोटी गिरणी बसवून दिली. तिचा आवाज घूं घूं असा, मिक्सरचा मोठा भाऊ म्हणावा इतपत. मावशी तिच्याशेजारी स्टुलावर बसायच्या, टाकी लावायला दगडच नव्हता. लेक म्हणायची, "आई, किती सुखात आहेस आता, पिठानं भरत नाहीस." मावशी हो म्हणायच्या. रात्री नवऱ्याच्या फोटोकडे बघायच्या आणि लगेच तोंड फिरवायच्या. तो फोटो दादांनीच काढलेला होता, आणि इतका जिवंत काढलेला होता की भिंतीवरून उतरवताही येईना.

मग एक दिवस दादा दारात आले. खांदे पडलेले, हातात फळांची पिशवी. लेकीनं पाणी दिलं आणि आत निघून गेली, भांडी जरा जास्तच वाजवत.

"वहिनी," दादा म्हणाले. हे मात्र पुन्हा परत आलं होतं. "बाजाराचं काही खरं नाही. दिवे लागले, फरशी झाली, पण माणूस येत नाही. बाकांवर संध्याकाळी समोरची गिऱ्हाइकं झोपलेली असतात. औषधवाले म्हणत होते, बायका डबे लावून फिरायच्या तेव्हा जी काय विक्री व्हायची तीच खरी. आपल्याला तेव्हा कळलं नाही. हॉलसुद्धा चालत नाही. गॉगल आता शहरातून फोटोवाला आणतो म्हणे." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मागच्या गल्लीत एक जागा आहे. तुम्ही परत या. आम्ही सगळे मॅडमना सांगू."

मावशींनी फळांची पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली. राग होताच, पण रागाखाली हलकेच दुसरं काही हललं, ते त्यांचं त्यांनाच आवडलं नाही. त्यांना जायचं होतं. दगडाचा आवाज हवा होता. आणि जिथून आपल्याला हुसकलं तिथले लोक 'आमचं चुकलं' म्हणणार असतील, तर ते ऐकायचं होतं. गिरणीपेक्षाही तेच जास्त हवं होतं, खरं सांगायचं तर. दादा ते अजून म्हणाले नव्हते, पण माणसाला एकट्यात जमत नाही, चारचौघांत म्हणतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मावशी एका दुपारी जुन्या बाजारात गेल्या. फरशी गुळगुळीत होती, कुंड्यांमधली रोपं वाळली होती. दादा स्टुडिओच्या पायरीवर उभे होते, त्यांनी पुढे होऊन "या वहिनी, या" म्हटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईलसं, "बघा कोण आलंय!" अशी हाक दिली. औषधवाले बाहेर आले, शिंपी आला, बटणवालीनं येऊन मिठीच मारली. सगळे भरभरून बोलत होते. किती बारीक झालात, किती आठवण काढतो, तुमच्याशिवाय रस्ता सुना सुना वाटतो. कुणाच्या बोलण्यात कुठं खोट नव्हती. मावशी वाट बघत होत्या की आता कुणीतरी तो विषय काढील.

औषधवाल्यांची नवी सून काउंटरमागून बाहेर आली. लग्न होऊन नुकतीच आलेली, तिला आधीचं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं वाकून नमस्कार केला आणि कौतुकानं म्हणाली, "तुम्हीच का गिरणीमावशी? घरात सगळे सारखं तुमच्याबद्दल बोलतात. वयानं झेपेना म्हणून तुम्हीच आपणहून बंद केलीत ना? दादा सांगत होते, आम्ही खूप थांबवलं पण ऐकलंच नाही त्यांनी."

मावशींनी औषधवाल्यांकडे पाहिलं. ते शेल्फवरच्या बाटल्या सरळ करू लागले. शिंप्याकडे पाहिलं. बटणवालीनं मिठी सोडवून घेतली होती. सगळ्यांनी मिळून गोष्ट रचली होती, आणि इतक्या वेळा सांगितली होती की आता ती त्यांना खरी वाटत असावी. गिरणी नेली ती नेली. वर ती नेल्याचंही पुसून टाकलं होतं. माफी मागायला कुणी थांबलंच नव्हतं, कारण यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

"नाही गं बाळ," मावशी म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा खरा आवाज निघाला, पलीकडच्या चौकापर्यंत पोचणारा. "मला झेपत होतं. मला काढलं इथून. बारवाल्याचा त्रास होता आणि बळी माझा दिला. या सगळ्यांच्या देखत. आणि तुझ्या या दादांनी मॅडमना सांगितलं, गिरणीचाच त्रास आहे म्हणून. माझ्या नवऱ्याचा जिवलग दोस्त हा! विचार, खोटं बोलते का मी. विचार त्यांना!"

सून घाबरून दादांकडे बघू लागली. मावशीही बघू लागल्या. अजूनही त्यांच्या मनात कुठंतरी होतं की हा माणूस मान खाली घालील आणि म्हणेल, खरं आहे. तेवढं म्हटलं असतं तरी त्या मागच्या गल्लीत यायला तयार होत्या.

दादा चटकन दोन पावलं पुढे आले, मावशींच्या अगदी जवळ, आणि दोन्ही हात खाली दाबत कुजबुजले, "वहिनी, हळू! गिऱ्हाइकं ऐकतील."

मावशींनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. नवी फरशी उन्हात पांढरीफटक पडली होती, आणि तिच्यावर एकही गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी पिशवी काखेत मारली आणि लेकीच्या घराकडे जाणारी बस कुठं थांबते, ते त्या नव्या सुनेला विचारलं.